१३ मे १९१३ : जॅक जॉन्सन दोषी

हेवीवेट मुष्टियुद्धाचा पहिला कृष्णवर्णीय जगज्जेता जॅक जॉन्सन याला शिकागोत निव्वळ गोऱ्या ज्यूरीने दोन तासांच्या आत दोषी ठरवले. ‘मॅन ॲक्ट’ हा कायदा होता वेश्याव्यवसायासाठी होणारी स्त्रियांची ने-आण रोखायला. जॉन्सनवर तो लावला जुन्या गोऱ्या मैत्रिणीला पाठवलेल्या रेल्वेभाड्यावरून. खरा राग वेगळाच होता. सोन्याचे दात मिरवणारा, मोटारी भरधाव हाकणारा, गोऱ्या स्त्रियांशी उघडपणे लग्ने करणारा हा गडी कुणापुढे झुकत नव्हता. १९१० मध्ये रिनोत त्याने गोऱ्या माजी जगज्जेत्या जिम जेफ्रीजला लोळवले, तेव्हा अमेरिकेत दंगली उसळून अनेक कृष्णवर्णीयांचे बळी गेले. शिक्षेनंतर तो सात वर्षे परागंदा राहिला. १९२० मध्ये परतून तुरुंगात गेला. राष्ट्राध्यक्षांची माफी मिळाली २०१८ मध्ये, मृत्यूनंतर ७२ वर्षांनी.