भोर समिती : दवाखाना आखला, पण तिथे बसणार कोण?

१/ साल १९४३. दुसरे महायुद्ध पेटलेले, बंगालात दुष्काळ. अशा वेळी ब्रिटिश हिंदुस्थान सरकारने एक समिती नेमली. युद्धानंतर देशाची आरोग्यव्यवस्था कशी असावी, हा तिच्यापुढचा प्रश्न. अध्यक्ष सर जोसेफ भोर : जन्म नाशिकचा, शिक्षण पुण्याच्या डेक्कन कॉलेजात. डॉक्टर नव्हे, सनदी अधिकारी.

२/ समितीसमोरचे चित्र भीषण होते. सरासरी आयुर्मान सुमारे २७ वर्षे. हजार अर्भकांपैकी १६० हून अधिक वर्षाच्या आत दगावत. सुमारे ६,३०० लोकांमागे एक डॉक्टर, तोही बहुधा शहरात.

३/ तोवर आजाऱ्याला औषध देणारे खाते वेगळे आणि लस, पाणी, स्वच्छता पाहणारे खाते वेगळे होते. १९४६ च्या अहवालाने ही दोन्ही कामे एका छताखाली आणण्यास सांगितले. ते छत म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्र.

४/ आरंभी ४० हजार लोकांमागे एक केंद्र. पुढे तीस-चाळीस वर्षांत १० ते २० हजारांमागे एक, सोबत ७५ खाटांचे रुग्णालय. त्यावर तालुक्याची आणि जिल्ह्याची रुग्णालये. इमारतीचा पाया गावात, कळस जिल्ह्यात.

५/ वाद पेटला तो डॉक्टरवरून. त्या काळच्या सुमारे ४७ हजार नोंदणीकृत डॉक्टरांपैकी जवळपास ३० हजार ‘एलएमपी’ होते, म्हणजे पदवीऐवजी कमी काळाचा अभ्यासक्रम पूर्ण केलेले. बहुमताने ठरले की यापुढे डॉक्टर एकाच दर्जाचा, पदवीधर. गावाच्या वाट्याला दुय्यम वैद्यक येऊ नये, हा हेतू उदात्त होता. काही सदस्यांनी मात्र विरोध नोंदवला : डॉक्टरांची एवढी टंचाई असताना हा मार्ग बंद करणे परवडेल काय?

६/ २ ऑक्टोबर १९५२ रोजी समुदाय विकास कार्यक्रम सुरू झाला आणि त्याच्या जोडीने केंद्रे उभी राहू लागली. पण एका विकासगटाला एकच केंद्र, आणि गटाची लोकसंख्या ६० हजार ते १ लाख. पाया मुळातच विरळ पडला. पदवीधर डॉक्टरांचा ओढाही शहराकडेच राहिला.

७/ उत्तराचा एक धागा महाराष्ट्रातच सापडला. १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी नगर जिल्ह्यातील जामखेड येथे गावातल्याच स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून घडवले. त्यांपैकी अनेकींना अक्षरओळखही नव्हती. १९७५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने हा प्रयोग जगापुढे मांडला. १९७८ च्या अल्मा-आता परिषदेने प्राथमिक आरोग्यसेवेलाच राष्ट्रीय आरोग्यव्यवस्थेचा गाभा ठरवले. २००५ पासून गावोगावी ‘आशा’ कार्यकर्त्या आल्या.

८/ आज सपाट प्रदेशात एका प्राथमिक केंद्राचा सरकारी निकष ३० हजार लोकसंख्येचा आहे. भोर समितीने आखलेला १० ते २० हजारांचा टप्पा पाऊणशे वर्षांनंतरही गाठायचा राहिला आहे.