स्मरणाची देवडी

माझ्या वर्गांत पूर्वीं एक मुलगा होता. एकदां ऐकलेली गोष्ट तो रंगवून सांगे. परंतु फळ्यावरील चार ओळी उतरवून घेतांना त्याची त्रेधा उडे, अक्षरांची अदलाबदल होई, आणि स्वतःचा हजेरी-क्रमांकहि त्याच्या ध्यानांत राहत नसे. त्याला आळशी ठरवून मी मोकळा झालों. अशाच एका चौदा वर्षांच्या हुशार इंग्रज मुलाचें वर्णन डॉ. प्रिंगल मॉर्गन यांनीं १८९६ सालींच प्रसिद्ध केलें होतें. माझ्या वाचनांत तें आलें निवृत्तीच्या सुमारास!

तो विद्यार्थी परवां भेटला. "गुरुजी, चुकलों तर तुम्ही पुन्हां तरी विचारीत होतां, हीं संकेतस्थळें तीनदां पासवर्ड चुकला कीं दारच लावून घेतात," असें तो हंसत म्हणाला. त्या दाराचा इतिहास आज सांगावयाचा आहे.

टिम बर्नर्स-ली यांनीं १९८९ सालीं वेबची कल्पना मांडली. वेबचे दंडक ठरविणाऱ्या 'वर्ल्ड वाइड वेब कॉन्सॉर्शियम' या संस्थेनें १९९७ सालीं अपंगांच्या सोयीचें कार्य हातीं घेतलें, आणि मे १९९९ मध्यें चौदा मार्गदर्शक सूत्रें प्रसिद्ध केलीं. अंध व बधिर यांचा विचार पहिल्याच सूत्रांत होता. मजकूर स्पष्ट व सोपा असावा, हें सूत्र शेवटचें, चौदावें. तथापि सोप्या भाषेची अट तेव्हां पहिल्या प्रतीच्या निकडीची मानली होती. २००८ च्या आवृत्तींत वाचनसुलभतेची कसोटी तिसऱ्या, म्हणजे बहुधा कोणावरहि बंधनकारक नसलेल्या पायरीवर गेली. कारण ऐकण्यासारखें आहे. चित्राला शब्दांचा पर्याय दिला आहे कीं नाहीं, हें तपासतां येतें. वाक्य सोपें आहे कीं नाहीं, हें जगांतील सर्व भाषांत कोणी ठरवावें? जन्मभर निबंध तपासलेल्या मला ही अडचण समजते. परंतु जें मोजण्यास अवघड तें खालीं ढकलावयाचें, हा न्याय परीक्षकालाहि शोभत नाहीं.

मसुदा तयार होत असतां, २००६ मध्येंच, लिसा सीमन यांनीं औपचारिक हरकत नोंदविली होती : आकलनाच्या अडचणींची सोय लावल्याचा दावा या नियमांनीं करूं नये. पुढें त्याच संस्थेंत या विषयासाठीं कार्यगट बसला, व एप्रिल २०२१ मध्यें त्याची मार्गदर्शिका निघाली. तिच्या आठ उद्दिष्टांपैकीं एक असें, कीं कोणतेंहि काम स्मरणशक्तीवर विसंबून नसावें. तो केवळ सल्ला होता. ५ ऑक्टोबर २०२३ च्या २.२ आवृत्तींत त्याला नियमाचें बळ आलें. पासवर्ड आठवणें किंवा कोडें सोडविणें एवढाच मार्ग प्रवेशासाठीं ठेवतां येत नाहीं. दुसरा उपाय द्यावा लागतो, किंवा जपून ठेवलेला पासवर्ड तेथें चिकटवूं द्यावा लागतो. एकदां भरलेली माहिती त्याच कामांत शक्यतों पुन्हां मागूं नये, असेंहि आणखी एक नियम सांगतो. चित्रांतील वस्तू ओळखावयास लावण्याची सवलत मात्र मधल्या पायरीवर शिल्लक राहिली. ती तडजोड मला रुचत नाहीं.

आपल्याकडे विशिष्ट अध्ययन-अक्षमतेला दिव्यांग व्यक्ति हक्क अधिनियमांत स्थान मिळालें तें २०१६ सालीं. माझा विद्यार्थी तोंवर चाळिशी ओलांडून गेला होता.

आतां त्याचा फोनच पासवर्ड सांभाळतो. तो नुसता चिकटवितो. एका ठिकाणीं मात्र चिकटविण्यास अजून बंदी आहे. तेथें त्याची मुलगी एकेक अक्षर मोठ्यानें वाचते, आणि तो तें दाबतो.