गळ्यावरचा हात

मंडळी, संक्रांत जवळ आली की मला हल्ली तिळगुळाच्या आधी आमचा चौक आठवतो. चार वर्षांपूर्वी तिथे मोटारसायकलवरच्या एका मुलाच्या गळ्यात नायलॉनचा मांजा अडकला. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ साली देशभर बंदी घातलेला, तोच मांजा! मी दहा पावलांवर होतो. छत्तीस वर्षं वर्गात पानिपत रंगवून सांगितलं, आणि खरं रक्त बघून नुसता उभा राहिलो. धावल्या त्या कोपऱ्यावरच्या भाजीवाल्या मावशी. पदराचा बोळा करून त्यांनी जखमेवर दाबून धरला, तो रिक्षातून दवाखाना येईपर्यंत. मुलगा वाचला.

मला मात्र चैन पडेना. मग सवयीप्रमाणे इतिहास वाचायला घेतला, गळ्याच्या जखमांचा.

१५५२ साली आंब्रवाझ पारे या फ्रेंच शल्यविशारदाने एका जखमी सैनिकाच्या मानेतली मोठी धमनी दोऱ्याने बांधली. सैनिक जगला, पण वाचा गेली आणि एक अंग लुळं पडलं. कारण तीच धमनी मेंदूला रक्त पुरवते. मान म्हणजे वीतभरसुद्धा जागा नाही, आणि त्यात रक्तवाहिन्या, श्वासनलिका, अन्ननलिका, मज्जारज्जू! एकट्याने काय काय सांभाळायचं?

१९५६ साली अमेरिकेतल्या डॅलसच्या फोगेलमन आणि स्ट्युअर्ट या डॉक्टरांनी आपल्या रुग्णांचे आकडे मांडले. जखम लगेच उघडून तपासली त्यांच्यात मृत्यू ६ टक्के, उशीर झाला किंवा तपासलीच नाही त्यांच्यात ३५ टक्के. मग अशी प्रत्येक मान उघडायची रीत पडली. पुढे लक्षात आलं, की कित्येक माना विनाकारण उघडल्या जातात. आता रक्त उसळत असेल किंवा श्वास कोंडत असेल तर थेट शस्त्रक्रिया, नाहीतर आधी सीटी स्कॅन. आणि हे एकट्याचं काम राहिलेलं नाही. भूलतज्ज्ञ श्वास सांभाळतो, कुणी जखम दाबून धरतो, कुणी रक्त चढवतो, सर्जन आणि कान-नाक-घशाचे डॉक्टर तयार असतात, आणि एकजण सगळ्यांना सूचना देतो.

पण या संघातला पहिला गडी दवाखान्याबाहेरच असतो. २२ मार्च १९८९ रोजी अमेरिकेतल्या बफेलो शहरात आइस हॉकीच्या सामन्यात गोलरक्षक क्लिंट मॅलारचक याच्या मानेतली मोठी शीर स्केटच्या पात्याने कापली गेली. संघातल्या दुखापती बघणारा जिम पिझुटेली धावला आणि त्याने ती शीर बोटांनी दाबून धरली. हा गृहस्थ व्हिएतनाम युद्धात सैनिकांवर प्रथमोपचार करत असे. मॅलारचक वाचला.

आमच्या मावशींनी कुठलं युद्ध पाहिलेलं? गेल्या संक्रांतीला तिळगूळ द्यायला गेलो तेव्हा धीर करून विचारलं, "तुम्हाला कसं सुचलं हो?"

त्या हसल्या. "गुरुजी, नळ फुटला तर आपण आधी हातच लावतो ना!"

असो. लेकरांनो, या दिवसांत गाडीवर गळ्याला जाड रुमाल बांधा. आणि कुणाला लागलंच, तर स्वच्छ कापड घेऊन जखमेवर दाबून धरा. गळ्याभोवती आवळून बांधू नका, आत काही रुतलं असेल तर उपसू नका.

माझ्यासारखे नुसते उभे राहू नका.