आजीचा चष्मा आणि शंभर ऑपरेशनं

मागच्या आठवड्यात देगलूरहून शाळेतल्या एका मित्राचा फोन. तो आता तिथल्या एका सेवाभावी क्लबात आहे. "अरे, डोळ्याचं शिबिर घ्यायलाव. शंभर ऑपरेशनचं टार्गेट हाय. तू पुण्यात कमवायलास, दे की काहीतरी!"

"देतो" म्हणालो आणि फोन ठेवला. पण मला एकदम आजीचा चष्मा आठवला. सोडावॉटरच्या बाटलीच्या बुडासारख्या जाड काचा, आणि तुटलेल्या काडीच्या जागी सुतळी. लहानपणी तो लावून पाहिला होता, तर समोरचं दार अंगावरच आलं होतं :-)

तो इतका जाड का होता? शनिवार-रविवार त्यातच गेला. तर मंडळी, आजचा लेख त्यावर.

मोतीबिंदू म्हणजे डोळ्यातलं भिंग गढूळ होणं. तेव्हाच्या शिबिरांत ते अख्खं भिंग काढून टाकायचे, आणि त्याच्या जागी काहीच बसवायचे नाहीत. मग भिंगाचं काम बाहेरून करायला साधारण दहा नंबरचा चष्मा द्यायचे. म्हणजे तो चष्मा हाच तिच्या डोळ्याचा अर्धा भाग होता. तो फुटला की माणसाला उजेड आणि अंधुक आकार, एवढंच उरायचं.

आता ही क्लबवाली मंडळी डोळ्यांकडे वळली कशी? लायन्सची सुरुवात १९१७ साली शिकागोत झाली, मेल्विन जोन्स या विमा व्यावसायिकाच्या पुढाकाराने. १९२५ साली हेलन केलर त्यांच्या अधिवेशनात गेल्या आणि अंधांसाठी लढायला उभे राहा, असं आवाहन त्यांनी केलं. तेव्हापासून डोळे हे लायन्सचं मुख्य काम झालं. भारतात लायन्स आले १९५६ साली, मुंबईत. योगायोग बघा, त्याच वर्षी १ नोव्हेंबरला आपला मराठवाडा हैदराबाद राज्यातून निघून मुंबई राज्यात आला.

पण राज्य बदललं म्हणून दवाखाना जवळ येत नाही. नांदेडचं सरकारी मेडिकल कॉलेज निघायला १९८८ साल उजाडलं. देगलूरसारख्या सीमेवरच्या गावातल्या म्हाताऱ्या माणसाने औरंगाबाद किंवा हैदराबाद गाठायचं, तर सोबत एक कमावता माणूस, म्हणजे त्याची मजुरी बुडाली. म्हणून मग डॉक्टरच गावात आणायचा! सुगी संपली की शाळेचे वर्ग रिकामे करायचे, सतरंज्या अंथरायच्या. आडत दुकानदार धान्य देणार, मास्तर याद्या करणार, कॉलेजची पोरं डोळ्याला पट्टी बांधलेल्या म्हाताऱ्यांना हात धरून नेणार. आजीचं ऑपरेशन अशाच एका शिबिरात झालं.

अशा शिबिरांचा त्या काळातला मोठा माणूस म्हणजे कर्नाटकातले डॉ. एम. सी. मोदी. गावोगाव फिरून त्यांनी लाखो लोकांचे डोळे तपासले. एका दिवसात ८३३ मोतीबिंदू शस्त्रक्रियांचा विक्रम त्यांच्या नावावर आहे. आकडा वाचून मी थक्कच झालो.

आणि इथेच माझ्यातला सॉफ्टवेअरवाला जागा झाला. आमच्याकडे तिकीट बंद झालं की आकडा वाढतो. पण युजरचं काम चालू झालं का, हे पुन्हा जाऊन विचारावं लागतं. आजीचं तिकीट बंद झालं होतं. दोन वर्षांनी तिचा चष्मा पायाखाली आला. नवा कुठे मिळणार, नंबर कोण काढणार, कोणालाच माहीत नव्हतं. शिबिरवाले परत आले नाहीत, आणि खरं सांगायचं तर आमच्या घरच्यांनीही फार धावपळ केली नाही. शेवटची काही वर्षं आजी उंबऱ्यात बसून पावलांवरून आम्हाला ओळखायची. "कोण, धाकला का रं?"

यावर उपाय तोवर निघालेला होता, हे वाचून जास्त वाईट वाटलं. लंडनमध्ये हॅरॉल्ड रिडली यांनी १९४९ सालीच डोळ्यात कृत्रिम भिंग बसवलं होतं. महायुद्धात वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या काचेचे प्लॅस्टिकचे कण गेले, तरी डोळा त्यांना त्रास देत नाही, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. पण ते भिंग महाग. १९९२ साली मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाने ऑरोलॅब काढून स्वस्त भिंगं बनवायला घेतली, तेव्हा कुठे ते गरिबापर्यंत पोचायला लागलं.

मग शिबिरंही बदलली. आता शाळेत ऑपरेशन होत नाही. गावात फक्त तपासणी, आणि रुग्णांना गाडीने रुग्णालयात न्यायचं. आपल्या शेजारी उदगीरला लायन्सचं नेत्र रुग्णालयच आहे. म्हणजे क्लबाच्या माणसांचं काम आता मुख्यतः माणूस शोधणं, त्याची भीती घालवणं, नेणं आणि घरी आणून सोडणं. यात फोटो काढण्यासारखं फारसं काही नाही. पण ऑपरेशननंतर नंबर तपासायला परत नेणं राहिलं, तर चांगलं भिंग बसवूनही माणूस अंधुक बघत राहतो.

२०२१ साली जगातल्या देशांनी जागतिक आरोग्य संघटनेच्या सभेत २०३० साठी एक उद्दिष्ट मान्य केलं. त्यात नुसती किती ऑपरेशनं झाली हे मोजत नाहीत, त्यानंतर किती जणांना नीट दिसलं हे मोजतात. आजीच्या चष्म्याने हेच सांगितलं होतं, पण ऐकायला कोणी नव्हतं.

असो. रविवारी रात्री मित्राला फोन केला. म्हणालो, पैसे देतो, पण बॅनरला नाही आणि जेवणालाही नाही. महिन्याने त्याच शंभर जणांना परत तपासायला नेशील ना, त्या जीपच्या डिझेलला.

तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "यादीत फोन नंबर लिहून घ्यावे लागतील की मग."

लिहून घे बाबा. तिथूनच सुरुवात आहे.