प्रश्न सुटल्यावर पक्षांचें काय?

१ मे १९६० रोजीं मुंबईसह महाराष्ट्र राज्य झालें आणि संयुक्त महाराष्ट्र समितीचें मुख्य कार्य संपलें. तिच्यांतील शेतकरी कामगार पक्षाचें सांगोल्यांत मात्र बस्तान बसलें. १९६२ सालीं तेथून गणपतराव देशमुख विधानसभेवर गेले आणि एकंदर ११ वेळां निवडून आले. कारण त्या दुष्काळी मुलखाचा पाण्याचा प्रश्न राज्यस्थापनेनें सुटला नव्हता.

गोमंतकांतही असेंच घडलें. १९६१ च्या मुक्तीनंतर दयानंद बांदोडकरांचा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष महाराष्ट्रांत विलीनीकरण मागे, तर जॅक सिकेरांचा युनायटेड गोअन्स पक्ष गोमंतकाचें स्वतंत्र अस्तित्व राखूं पाहे. कौल निःपक्षपातीपणें व्हावा म्हणून बांदोडकरांनीं आधीं अधिकारपद सोडलें. १६ जानेवारी १९६७ रोजीं विलीनीकरणाच्या बाजूनें १,३८,१७० व विरुद्ध १,७२,१९१ मतें पडलीं.

तथापि त्याच वर्षीं झालेल्या निवडणुकींत गोमंतकीयांनीं बांदोडकरांनाच पुन्हां सत्तेवर बसविलें. विलीनीकरण नाकारलें गेलें, तरी कुळांचे हक्क आणि खेडोपाडींच्या मराठी शाळा यांसाठीं बहुजनसमाजास तोच पक्ष आपला वाटत होता. अस्मितेच्या वादांतून जन्मलेला पक्ष तो वाद निकालांत निघाल्यावर कां जगतो, याचें उत्तर दोन्हीं ठिकाणीं सारखेंच आहे.