चाकू आजोबांचा नव्हता

रावेरच्या घरात माळ्यावर ‘आजोबांचा’ घडीचा चाकू सापडला. केळीच्या चिकाने काळा, गंजून घट्ट. मशीनवर धार लावायला निघालो, तेवढ्यात पात्याच्या बुडाशी चांदणी आणि क्रॉस दिसला. ही शेफिल्डच्या जोसेफ रॉजर्सची खूण. नकला खूप झाल्या, म्हणून नावाची अक्षरंही तपासली. मुकुटाच्या दोन्ही बाजूंना ‘व्ही’, ‘आर’. म्हणजे व्हिक्टोरिया राणीचा काळ, १८३७ ते १९०१. आजोबा जन्मले १९२० साली! चाकू बहुतेक पणजोबांचा. त्यांचा फोटो नाही, कागद नाही, एवढीच वस्तू.

सांध्यात रॉकेलचे थेंब सोडले, रात्रभर ठेवला, गंज सुती कापडाने पुसला. हाडाची मूठ भिजवली नाही, तडकते. खुणेला पॉलिशपेपर लावला नाही. धार दगडावर, हाताने.

जुनं पातं आधी वाचा, मग घासा.