डिसेंबरचं बिस्किट आणि बांदाचं जायफळ

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला सोपं जातं, त्यांच्यासाठी या भागाचं हे लेखी रूप. बोलताना माझे ‘म्हणजे’ आणि ‘ॲक्च्युअली’ जरा जास्तच होतात, ते इथे कमी केलेत. बाकी सगळं तेच.

आजची गोष्ट एका बिस्किटाची आहे. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी कॉफीबरोबर लोटस बिस्कॉफ खाल्लं असेल. हल्ली त्याचा चीजकेक, मिल्कशेक, काय काय निघालंय. ते बेल्जियमचं. ती कंपनी १९३२ साली सुरू झाली. त्यात कॅरमलची चव पुढे आणि मसाला मागे. शेजारच्या नेदरलँड्समध्ये त्याचा एक थोरला भाऊ आहे, नाव स्पेक्युलास. तिथे मसाला पुढे. दालचिनी, लवंग, जायफळ, जायपत्री, सुंठ, वेलची, पांढरी मिरी. आता ही यादी परत एकदा वाचा. बिस्किटाची वाटते की चहाच्या मसाल्याची?

मी नेदरलँड्समध्ये आलो तो कंपनीच्या प्रोजेक्टवर, आइंडहोवनला. पहिलाच डिसेंबर. दिवाळी व्हिडिओ कॉलवर उरकलेली, साडेचारला अंधार, खिडकीबाहेर पाऊस. ऑफिसच्या पँट्रीत कोणीतरी एक डबा उघडून ठेवला होता. एक तुकडा तोंडात टाकला आणि सरळ आमच्या स्वयंपाकघरात पोहोचलो. आजी होळीच्या पुरणात जायफळ घालायची तो वास. आजी कधी अख्खं जायफळ वापरायची नाही. सहाणेवर थोडं उगाळायची आणि उरलेलं कागदात गुंडाळून डबीत ठेवायची. का, असं विचारलं की म्हणायची, “महाग असतं रे बाबा ते.” किराणा दुकानात दहा-पंधरा रुपयांना मिळणारी वस्तू महाग कशी, हे मला तेव्हा कळायचं नाही. ते ‘महाग’ किती जुनं आहे हे मला त्या बिस्किटानं शिकवलं.

पण आधी बेकिंगबद्दल, कारण माझी सुरुवात तिथूनच झाली, आणि फार वाईट झाली.

इथे ५ डिसेंबरच्या संध्याकाळी सिंटरक्लासचा, म्हणजे संत निकोलसचा सण असतो. मुलं त्याआधीच्या रात्री बूट ठेवतात, त्यात खाऊ मिळतो. स्पेक्युलास हा त्या दिवसांचा खाऊ. पारंपरिक पद्धतीत कोरीव लाकडी साच्यात पीठ दाबतात, साच्याला आधी तांदळाची पिठी लावतात, मग ठोकून आकार बाहेर काढतात. संत निकोलस, पवनचक्क्या, प्राणी. साच्यात उलटं कोरलेलं चित्र बिस्किटावर सुलटं उमटतं. ज्यांनी गुढीपाडव्याच्या साखरेच्या गाठी साच्यातून निघताना पाहिल्यात, त्यांना वेगळं सांगायला नको.

मला वाटलं, मसाला तर आपल्या घरचा, यात काय अवघड? मिक्सरला सगळं अंदाजानं टाकलं. लवंगा मूठभर. भाजून निघालं ते बिस्किट नव्हतं, दातदुखीवरचं औषध होतं. दुसऱ्या दिवशी तरीही ऑफिसला नेलं. माझ्या टीममधल्या एका मैत्रिणीनं एक चावा घेतला, गंभीर चेहऱ्यानं गिळला आणि म्हणाली, “लवंग कमी कर. आणि जायफळ कुठंय?” जायफळ मी विसरलो होतो. तिचे आजी-आजोबा इंडोनेशियातल्या मालुकू बेटांवरचे. ती म्हणाली, “जायफळाशिवाय करणार असशील तर निदान ते कुठून येतं ते तरी वाच.”

म्हणून वाचलं.

बांदा म्हटलं की आपल्याला सावंतवाडीजवळचं बांदा आठवतं. हे ते नव्हे. इंडोनेशियाच्या पूर्वेला, सेराम बेटाच्या दक्षिणेला, ज्वालामुखीच्या भोवती काही चिमुकली बेटं आहेत. ती बांदा बेटं. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत जगाच्या बाजारातलं जवळपास सगळं जायफळ या एवढ्याशा जागेतून यायचं. जायफळ म्हणजे फळातली बी आणि जायपत्री म्हणजे त्या बीवरची लाल जाळी. दोन मसाले, एक झाड, एक पत्ता.

ते आपल्याकडे मात्र युरोपीय जहाजं यायच्या शेकडो वर्षं आधीपासून येत होतं. आपल्या जुन्या वैद्यकग्रंथांत ‘जातीफल’ आहे. बांदाचे लोक स्वतः जहाजं घेऊन व्यापाराला जात. जावा, मलाया, अरबस्तान, गुजरात इथले व्यापारी या साखळीत होते. बांदावर भात पिकत नव्हता, म्हणून ते जायफळ देऊन तांदूळ आणि कापड घेत. त्या कापडात भारतातलं सुती कापड भरपूर असायचं. म्हणजे पुरणातलं जायफळ हे कधीकाळी आपल्याच कापडाच्या बदल्यात आलेलं असू शकतं.

पोर्तुगीज १५१२ मध्ये बांदाला पोहोचले, डच १५९९ मध्ये. १६०२ मध्ये डच ईस्ट इंडिया कंपनी स्थापन झाली. डच भाषेत तिचं लघुरूप व्हीओसी. त्यांना फक्त जायफळ विकत घ्यायचं नव्हतं, ते दुसऱ्या कोणालाच मिळू नये अशी व्यवस्था हवी होती. आमच्या धंद्यात याला व्हेंडर लॉक-इन म्हणतात, फक्त इथे तोफा होत्या. बांदाला राजा नव्हता, गावोगावचे प्रमुख कारभार बघत. त्यांना ‘ओरांग काया’ म्हणत. त्यांच्यातल्या काहींकडून कंपनीनं ‘फक्त आम्हालाच विका’ असे करार करून घेतले. पण तांदूळ आणणारे जुने व्यापारी सोडून कसं चालणार? विक्री चालूच राहिली. इंग्रजही तिथे घुटमळत होते. १६०९ मध्ये डच ॲडमिरल व्हर्हूव्हन बांदावर मारला गेला.

१६२१ मध्ये कंपनीचा गव्हर्नर जनरल यान पीटरसोन कून आरमार घेऊन आला. गावं जाळली गेली, लोक डोंगरात पळाले, कित्येक उपासमारीनं गेले. ८ मे १६२१ ला ४४ ओरांग काया पकडून किल्ल्याजवळ आणले आणि कंपनीच्या पगारी जपानी सैनिकांकडून त्यांचे शिरच्छेद करवले. इतिहासकारांचा अंदाज असा, की त्याआधी बेटांवर सुमारे १५,००० माणसं होती आणि नंतर हजारभर उरली. शेकडो जणांना कैद करून बटावियाला, म्हणजे आजच्या जकार्ताला नेलं.

मग बागांचं काय? कंपनीनं त्यांचे तुकडे पाडून डच मळेवाल्यांना दिले आणि काम करायला गुलाम आणले. आशियाच्या अनेक भागांतून आणले, त्यात आपले मलबार आणि कोरोमंडल किनारेही होते. मी हे वाक्य पहिल्यांदा वाचलं तेव्हा लॅपटॉप बंद केला होता. तोवर ही ‘तिकडची’ गोष्ट होती.

आपल्या किनाऱ्यावर तर कंपनी होतीच. वेंगुर्ल्याला गेलात तर डच वखारीची पडकी इमारत दिसेल. ही वखार १६३७ च्या सुमाराची. पोर्तुगीजांच्या गोव्यावर नजर ठेवायला ती जागा सोयीची होती. आम्ही कॉलेजच्या ट्रिपला तिथे गेलो होतो. भिंतीवर चढून फोटो काढले आणि मासे खायला निघून आलो. पुढे कंपनीनं १६५६ मध्ये कोलंबो घेतलं आणि दालचिनी हातात आली, १६६३ मध्ये कोची घेतलं आणि मिरीवर पकड बसली. आता परत माझी मसाल्याची यादी काढा. दालचिनी, मिरी, जायफळ, जायपत्री. जवळजवळ प्रत्येक नावामागे एक किल्ला आहे.

एवढं करून मसाला स्वस्त झाला का? नाही, तो महाग ठेवणं हाच तर धंदा होता. जायफळं चुन्यात बुडवून पाठवत, म्हणजे ती दुसरीकडे रुजू नयेत. माल जास्त झाला की भाव पडू नये म्हणून तो नष्ट करत. वाल्मों द बोमार या फ्रेंच निसर्गअभ्यासकानं १७६० मध्ये ॲमस्टरडॅमला मसाल्यांचे ढीग जळताना पाहिल्याचं लिहून ठेवलंय. विचार करा, ज्या शहरात घराघरांत मूठभर मसाला सणासाठी जपून ठेवत असतील, त्याच शहरात तो ढिगानं जाळत होते.

सणाचं बिस्किट सणाचंच का, याचं माझं उत्तर हे आहे. चव खास होती म्हणून नव्हे, तर रोज परवडत नव्हती म्हणून ते वर्षातून एकदा व्हायचं. आणि रोज परवडू नये याची कोणीतरी काळजी घेत होतं.

ही मक्तेदारी शेवटी झाडांनीच मोडली. १७७० च्या सुमारास पिअर प्वाव्र या फ्रेंच माणसानं रोपं मॉरिशसला पोचवली. पुढे इंग्रजांनी बांदा ताब्यात असताना रोपं पेनांगला आणि इतरत्र नेली. आज कॅरिबियनमधल्या ग्रेनाडाच्या झेंड्यावर जायफळ आहे, आणि आपल्या कोकणात नारळाच्या बागांमध्ये जायफळाची कलमं उभी आहेत. आजीचं ‘महाग’ संपून बराच काळ झालाय, सवय तेवढी राहिली.

हे सगळं वाचल्यावर मी एका रविवारी होर्नला गेलो. ते कूनचं गाव. चौकात त्याचा पुतळा आहे, १८९३ साली बसवलेला. २०११ मध्ये एका क्रेनच्या धक्क्यानं तो खाली पडला, तेव्हा परत बसवायचा की नाही यावर मोठा वाद झाला. शेवटी परत बसवला आणि त्यानं काय केलं हे सांगणारी पाटी लावली. मी पाटी वाचत होतो आणि मागे बेकरीतून वास येत होता. कसला ते सांगत नाही.

दुसऱ्या दिवशी मैत्रिणीला म्हटलं, आता हे बिस्किट करायचं मन होत नाही. तिनं तिच्या घरची गोष्ट सांगितली. १९५१ मध्ये मालुकूचे सुमारे १२,५०० लोक, डच वसाहतीच्या सैन्यातले सैनिक आणि त्यांची कुटुंबं, जहाजांनी इथे आणले गेले. थोड्या दिवसांसाठी, असं सांगून. राहायला छावण्या मिळाल्या. त्यातली एक वेस्टरबॉर्कची, जिथे काही वर्षांपूर्वी नाझींनी ज्यूंना कोंडलं होतं. थोडे दिवस काही संपले नाहीत. तिची आजी अशाच एका छावणीत हे बिस्किट शिकली. मग तिनं मला आणखी एक सांगितलं. १६२१ मध्ये बांदाहून निसटलेले काही लोक होड्यांनी काई बेटांवर पोहोचले. तिथे बांदा एली आणि बांदा एलात ही गावं आजही आहेत आणि तिथले लोक आजही बांदाची भाषा बोलतात. खुद्द बांदावर ती ऐकू येत नाही.

शेवटी ती म्हणाली, “बिस्किट कर. पण जायफळ काढू नकोस. त्यातलं तेवढंच आमचं आहे.”

म्हणून करतो. आता प्रमाण घ्या. मसाल्यासाठी दालचिनी पूड ४ भाग, लवंग, जायफळ, सुंठ प्रत्येकी १ भाग, वेलची आणि पांढरी मिरी अर्धा-अर्धा. जायपत्री असेल तर चिमूटभर. २५० ग्रॅम मैदा, १५० ग्रॅम मीठ नसलेलं बटर, १२५ ग्रॅम गडद ब्राउन शुगर (गुळाची पावडरही चालते), १ छोटा चमचा बेकिंग पावडर, चिमूटभर मीठ, ३ छोटे चमचे मसाला आणि गोळा होण्यापुरतं दूध. गोळा रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा, हे चुकवू नका, मसाला रात्रीतच मुरतो. अर्धा सेंटिमीटर जाड लाटा, कापा, १७० अंशांवर साधारण १५ ते २० मिनिटं भाजा. बाहेर काढल्यावर मऊ लागतील, घाबरू नका, गार झाली की कुरकुरीत होतात.

आणि जायफळ आयत्या वेळी किसा. अख्खं लागणार नाही. उरलेलं कागदात गुंडाळून डबीत ठेवा. महाग असतं ते.

भेटू पुढच्या भागात. बिस्किटं बिघडली तर फोटो नक्की पाठवा, माझी लवंगेची बॅच तुम्हाला हरणार नाही. काळजी घ्या!